बाकोआंच्या माडाची नीरा

सगळ्यात आधी तेबानोने हात वर केला, म्हणून मी यंत्र त्याच्याच तोंडासमोर धरलं.

सोमवारचा, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास होता. विषय होता, दारू पोटात गेल्यावर शरीरात काय होतं. फिजीतल्या सुवाहून पदवी घेऊन मी या बेटावरच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. या विषयासाठी राजधानी तारावाहून बोटीने एक पेटी आली होती. तिच्यात मोठी चित्रं होती, प्लास्टिकचं यकृत होतं आणि श्वासातली दारू मोजणारं मुठीएवढं यंत्र होतं. माझा बेत साधा होता. चार-पाच मुलांनी फुंकायचं, सगळ्यांचा आकडा शून्य येणार. मग मी फळ्यावर तक्ता काढून सांगणार, की आकडा चढत गेला तर आधी लक्ष जातं, मग हिशेब चुकतात, मग तोल जातो.

"फुंक लेका, जोरात!" तेबानोचा मित्र कारोतू मागच्या रांगेतून ओरडला. "छप्पर उडालं पाहिजे!"

तेबानोने गाल फुगवून फुंकर मारली. आकडा आला शून्य पूर्णांक शून्य चार.

मी तो मोठ्याने वाचला. हीच माझी चूक. आधी वाचायचा आणि मग विचार करायचा, ही प्रयोगशाळेतली सवय.

वर्गात एकच कल्ला झाला. "तेबान्या, माडावर नेमकं काय करतोस रे?" "आम्हाला पण बोलव की!" "बाकोआ आजोबांना कळू दे, मग बघ!" सगळ्यात मोठ्याने तेबानो स्वतः हसत होता. "बाई, बिघडलंय हे. मी दारूला शिवत नाही."

तोंडात काही राहिलं असेल तर आकडा उगाच वाढतो, हे मला माहीत होतं. मी त्याला चुळा भरायला लावल्या, घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसवलं, आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. पुन्हा शून्य पूर्णांक शून्य चार. मग मी स्वतः फुंकलं, शून्य. कारोतूने फुंकलं, शून्य. आता तेबानो हसत नव्हता. आवाज ऐकून हेडसर इओतेबा दारात येऊन उभे होते.

"किती आलं, बाई?"

मी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या म्हाताऱ्यांनी मनेआबात, म्हणजे आमच्या शाकारलेल्या मोठ्या सभाघरात बसून नियम केला होता. शाळेत कुणाच्या पोटात दारू सापडली, तर ते मूल वर्षभर शाळेबाहेर. आठ आठवड्यांनी तारावाच्या खलाशी शाळेची प्रवेश परीक्षा होती. शाळेतून नाव कमी झालेल्या मुलाला तिथे बसू देत नाहीत. तेबानोला मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात काम करायचं होतं, बाकी कशातच त्याला रस नव्हता. तेबानोचा निवाडा करायला शनिवारी दुपारी मनेआबा बसणार होता. म्हणजे माझ्याकडे पाच दिवस होते, आणि हा घोळ मीच घातला होता.

शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवलं. "खरं सांग. दुपारी काय प्यायलास?"

"नीरा."

"कधीची?"

"सकाळी उतरवलेली. रोज पितो, बाई. भाताबरोबर एक बाटली."

"आंबट लागते?"

"आमच्या माडांची नीरा जरा चावतेच. आजोबा म्हणतात, इतरांच्या माडांना दूध येतं, आपल्या माडांना दात आलेत."

"बाटली कशी धुतोस?"

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी तीन वेळा विचारलं. मागून हेडसर म्हणाले, "बघा. इथे आला की गप्प. ही गप्प बसायची जागा आहे का?"

मला मात्र ती गप्प बसायचीच जागा वाटत होती. आमच्याकडे नीरा काढायची विद्या घराण्याची असते. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा, कशी बांधायची, सुरी कशी फिरवायची, वर चढल्यावर कुठलं गाणं म्हणायचं, भांडं कसं ठेवायचं, हे बाप पोराला सांगतो आणि पोरगं मेलं तरी बाहेर बोलत नाही. माझ्या मामाला मासे कुठे लागतात, ते त्याने मामीलाही सांगितलं नाही. मामी अजून त्याच्या नावाने बोटं मोडते. तेव्हा तेबानोच्या गप्प बसण्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. सिद्ध काही होत असेल, तर ते त्याच्या वर केलेल्या हातावरून. ज्याला आपण दारू प्यायलोय हे माहीत आहे, तो मुलगा दारूचं यंत्र फुंकायला सगळ्यात आधी हात कशाला वर करेल?

मंगळवारी संध्याकाळी मी त्याच्या आजोबांकडे गेले.

बाकोआ ओट्यावर चटई टाकून बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, चर्चमधले मानकरी, आणि दारूचे बेटावरचे सगळ्यात मोठे शत्रू. त्यांच्या अंगणात कुणी बिअरचा रिकामा डबासुद्धा आणत नसे. शाळेचा तो नियमही त्यांनीच मांडला होता.

"बस, पोरी. का आलीस ते माहीत आहे. उपयोग नाही."

"आजोबा, तेबानो प्यायलेला नव्हता असं मला वाटतं."

"यंत्र काय म्हणालं?"

"शून्य पूर्णांक शून्य चार."

"मग? यंत्र तुझंच ना?"

"यंत्र किती ते सांगतं. कुठून आली ते सांगत नाही."

"कुठून येणार? बंदरावरच्या टवाळ पोरांकडून." त्यांचा आवाज जरा घोगरा झाला. "नियम मी केला. दुसऱ्यांची दोन पोरं त्याच नियमाने घरी बसली. आता माझ्या नातवासाठी वाकवला, तर त्या पोरांच्या आयांना मी तोंड कसं दाखवू?"

त्यांनी आत हाक मारली, आणि त्यांची बायको, तेबानोची आजी, माझ्यासाठी पेला भरून नीरा घेऊन आली. घरी आलेल्याला तोंड ओलं केल्याशिवाय कोण पाठवतं?

मी एक घोट घेतला आणि तसाच तोंडात धरला.

लहानपणापासून मी नीरा पीत आलेय. ती गोड असते, थोडी नारळाच्या पाण्यासारखी, थोडी उसाच्या रसासारखी. ही गोड होती, पण तिच्या मागून आंबट चव येत होती, आणि तिच्याही मागून एक ऊब, घशातून खाली उतरणारी. पेल्यात बारीक बुडबुडे वर येत होते. मी पेला नाकाशी नेला. सुवाच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या बरण्यांना हाच वास यायचा.

माझ्यासमोर बेटावरचा सगळ्यात कडक दारूबंदीवाला बसला होता आणि त्याने मला माडी पाजली होती. त्याच्याही हातात पेला होता, अर्धा झालेला.

"चावते ना?" ते अभिमानाने म्हणाले.

"चावते," मी म्हटलं. मग एकदम माझं लक्ष पायरीकडे गेलं. "आजोबा, धाकटीला देता ही?" तेबानोची तीन वर्षांची बहीण पायरीवर शिंपल्यांशी खेळत होती.

"छे! लहान मुलांना ही सोसत नाही. तिला उकळून पाक करून देतात, पाण्यात कालवून."

उकळली की दारू उडून जाते. मी श्वास सोडला. इतक्या मोठ्याने सोडला असेन, की आजीने माझ्याकडे बघितलं.

पण त्यांना सांगायचं कसं? 'तुम्ही रोज दारू पिता' असं मी म्हटलं असतं, तर त्यांनी मला हाकललं असतं आणि बरोबरच केलं असतं. माझ्याकडे एका घोटापलीकडे पुरावा नव्हता. शिवाय त्यांची रीत विचारायचा मला हक्क नव्हता. ती न विचारता दाखवायला हवं होतं.

"आजोबा, तुमची एक बाटली एका रात्रीपुरती द्याल? शुक्रवारी रात्री ती कारोतूच्या माडाला लावायची, आणि कारोतूची तुमच्या माडाला. बस्स. मी काही विचारणार नाही."

"बाटलीत डोकावणारही नाहीस?"

"नाही."

त्यांनी दाढी कुरवाळली. "ने. बाटली बघून कुणाला काय कळणार आहे?"

आता मला बोलायला कुणीतरी हवं होतं. मनेआबात ज्याची त्याची जागा पूर्वजांवरून ठरलेली असते, आणि बोलतात ते म्हातारे. माझी जागा माझ्या पणजीच्या बाजूची, आणि तिथला म्हातारा तावीता. दात नसलेला, डोळ्यात मिश्कील झाक असलेला माणूस. दोष माडाचा की बाटलीचा हे पाहायला बाटल्या बदलायच्या आणि सकाळी त्यांच्या तोंडाला फुगे बांधायचे, हा बेत मी त्याला सांगितला.

"मी बोलतो," तावीता म्हणाला. "पण मला समजलं पाहिजे. फुगा कशाला?"

"आजोबा, नीरेत डोळ्यांना न दिसणारे जीव पडतात. ते साखर खातात. त्यातून वायू निघतो आणि दारू तयार होते. बाटलीच्या तोंडाला फुगा बांधला की वायू त्यात साठतो. फुगा उभा राहिला, तर समजायचं जीव कामाला लागलेत."

तावीता बोटांवर मोजू लागला. "म्हणजे खातात साखर, पादतात वायू आणि मुततात दारू."

"साधारण तसंच."

"हे तू शाळेत का सांगत नाहीस? पोरं जन्मात पिणार नाहीत!"

शुक्रवारी संध्याकाळी तावीता स्वतः दोन्ही माडांखाली येऊन उभा राहिला. मध्ये कुणी हात लावला असं नंतर कुणी म्हणायला नको, म्हणून. वर कारोतू गाणं म्हणत पोय कापत होता, पलीकडच्या माडावर तेबानो. तेबानोचा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला. दोन्ही बाटल्या सारख्याच, सोयासॉसच्या, काळपट काचेच्या. बांधून झाल्यावर तेबानो खाली आला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, उद्या दोन्ही फुगे सारखेच राहिले तर?"

"तर मी चुकले."

"आणि मी?"

खोटा धीर देता आला असता, पण मला खरंच माहीत नव्हतं. नीरेत जीव पोयीतूनही पडतात, हवेतूनही. ते भांड्यातूनच पडले असं मी धरून चालले होते, आणि धरून चालणं म्हणजे माहीत असणं नव्हे.

शनिवारी उजाडताना दोन्ही बाटल्या उतरवल्या आणि स्वातंत्र्यदिनाचे उरलेले फुगे तोंडाला बांधले. कारोतूच्या माडाची नीरा बाकोआंच्या बाटलीत होती, तिला लाल फुगा. बाकोआंच्या माडाची नीरा कारोतूच्या बाटलीत, तिला निळा. बाटल्या मनेआबाच्या मधोमध सावलीत ठेवल्या आणि तावीता त्यांच्याशेजारी चटईवर आडवा झाला.

आठ वाजता दोन्ही फुगे लुळे होते. नऊ वाजता लाल फुगा जरा हलला, पण तो वाऱ्यानेही हलला असेल. मी नखं खात होते. दहा वाजता लाल फुगा कुशीवर वळला. अकराला तो अर्धा उठला. माणसं जमायला लागली तेव्हा तो ताठ उभा होता, आणि निळ्यात फुंकरभर हवा होती, जेमतेम. मनेआबात येणारा प्रत्येक जण आधी फुग्यांकडे बघत होता आणि मग आपल्या जागी जाऊन बसत होता.

हेडसरांनी घडलं ते सांगितलं. मग तावीता उठला आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांबद्दल अगदी आपल्या शब्दांत बोलला. बायकांनी तोंडावर हात धरले. पाद्रींनी छताकडे पाहिलं.

"आता चव घ्या," तावीताने शेवटी सांगितलं, आणि दोन करवंट्यांत ओतलं. निळ्या फुग्याच्या बाटलीतून स्वच्छ नीरा आली. लाल फुग्याच्या बाटलीतून फेसाळ आली, आणि तिच्यामागून बोटभर पांढरा गाळ. तो एका रात्रीचा नक्कीच नव्हता. मी दुसरीकडे बघितलं. बाटलीत डोकावणार नाही असं मी कबूल केलं होतं.

पहिल्या म्हाताऱ्याने निळीतलं प्यायलं. "नीरा." मग लालमधलं. त्याने ओठ चाटले, पुन्हा एक घोट घेतला, आणि आणखी एक.

"अरे, चव घ्यायला सांगितलंय, संपवायला नाही!" कुणीतरी ओरडलं.

"माडी आहे," तो म्हणाला. "यंत्र कशाला हवं? हे मला झोपेत कळेल."

करवंटी फिरत फिरत बाकोआंकडे आली. त्यांनी लालमधली प्यायली आणि गोंधळून सगळ्यांकडे बघितलं.

"ही तर नीरा आहे."

सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"ही नीराच आहे!" ते पुन्हा म्हणाले. "आमच्या घरी अशीच असते. माझ्या आजोबांच्या वेळेपासून अशीच." मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्यांनी निळीतली करवंटी मागून घेतली. ती त्यांच्याच माडाची होती. एक घोट घेतला, मग दुसरा.

"आमच्या माडाला दात नाहीत तर," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे सत्तर वर्षं," तावीता अगदी आदराने म्हणाला, "तुम्ही रोज दुपारी..."

"म्हणूनच जेवल्यावर गाणी सुचायची तुम्हाला!" बायकांच्या बाजूने आजीचा आवाज आला. "आणि मी समजत होते, देवाची कृपा!"

मनेआबा हसत सुटला. म्हातारे एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होते, पाद्रींनी रुमालात तोंड घातलं होतं. तेबानो आपल्या घरच्या म्हाताऱ्यांमागे अंग चोरून बसला होता. तो कारोतूकडे बघत होता, आणि कारोतू दोन्ही हातांनी फुगलेल्या फुग्याची नक्कल करत होता.

एकटे बाकोआ हसत नव्हते. त्यांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"नियम काय आहे? शाळेत पोटात दारू सापडली तर वर्षभर बाहेर. पोराच्या पोटात होती. कशी आली ते नियमात लिहिलेलं नाही."

म्हातारा आपल्या नातवाला आपल्याच नियमाने बुडवणार होता, आणि त्याचं म्हणणं बरोबरही होतं. पुरावा मी आणला होता, पण नियमाचा मी विचारच केला नव्हता.

तावीता डोकं खाजवत म्हणाला, "ठीक आहे. मग पोरगं वर्षभर शाळेबाहेर. आणि तुम्ही चर्चमध्ये ज्या बाकावर बसता त्या बाकाबाहेर. पण तुम्हाला किती वर्षं, ते कुणीतरी मोजायला लागेल."

"मी जाणूनबुजून प्यायलो नाही!"

"मग?" तावीता म्हणाला. "तो प्यायला?"

बाकोआंनी मागे वळून नातवाकडे बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच बघत असावेत.

म्हाताऱ्यांनी आपसात फार वेळ घेतला नाही. नियमात 'जाणूनबुजून' हा शब्द घालायचा ठरलं. आधी घरी बसवलेल्या दोन मुलांना बोलावून पुन्हा विचारायचं, हे बाकोआंनी स्वतःच सुचवलं. त्या मुलांच्या आया मागच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांतली एक उठून बाहेर गेली आणि खांबामागे उभी राहून रडली. तेबानोचं नाव शाळेत राहिलं. उठायच्या आधी बाकोआ म्हणाले, "उद्यापासून आमच्या घरात नव्या बाटल्या." जुन्या बाटल्यांचं काय चुकलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण बाहेर पडताना तीन-चार बायका आपापल्या नवऱ्यांच्या कानाला लागल्या होत्या, आणि त्या संध्याकाळी गावात बऱ्याच चुलींवर नुसतंच पाणी उकळत होतं.

मी घरी गेले, पालथी पडले आणि तीन तास झोपले. पाच दिवसांत पहिल्यांदा धड झोपले.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर तेबानो माझ्या टेबलाशी घुटमळत होता.

"बाई, एक विचारू? शून्य-शून्य-चारला काय होतं म्हणाला होतात?"

"लक्ष टिकत नाही. हिशेब चुकतात. आपल्याला वाटतं आपण ठीक आहोत, पण नसतो."

"रोज दुपारी?"

"रोज दुपारी. जेवणानंतर तीन-चार तास."

"मला गणित सकाळी जमतं, दुपारी जमत नाही. दोन वर्षं झाली. मला वाटायचं मी ढ आहे. आईला पण तसंच वाटायचं. ती म्हणाली होती, खलाशी शाळेचं राहू दे, मासेमारी बघ." मग तो एकदम हसला. "सोमवारपासून दुपारी झोपच येत नाही, बाई. फार लांबतेय दुपार."

मी कपाटातून मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढून दिली. तो तिथेच बाकावर बसला. बाहेर कारोतू दोनदा हाक मारून गेला, "ए दातवाल्या, येतोस का?" दोन्ही वेळा त्याने नुसता हात हलवला. पावणेपाचला त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. पाच गणितांतली दोन चुकली होती, नेहमीच्या चुका, अपूर्णांकातल्या, वर्गात कुणीही करतं तशा. ती दोन आम्ही पुन्हा पहिल्यापासून केली.